शिकवलेला जावई

काळेबाईंनी आयुष्यभर नवऱ्याचं नाव लावलं ते प्रेमापोटी नव्हे, सुडापोटी. सही नेहमी पूर्ण करायच्या. सौ. सुमन भास्कर काळे. मस्टरवर, प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या परवानगीच्या चिठ्ठीवरसुद्धा. त्यातलं 'सौ.' तर इतकं दाबून लिहीत की पुढच्या पानावर उमटायचं. गळ्यात काळी पोत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा त्यांना नांदवत नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं. तो कोण, कुठला, काय करतो हे सहसा कोणाला माहीत नव्हतं आणि बाईंना विचारायची कोणाची छाती नव्हती.

यंदा आमच्या शाळेने स्मरणिका काढली. पहिल्याच पानावर माझ्या वडिलांचा, आप्पांचा, फेट्यातला फोटो आहे आणि खाली 'शिक्षणप्रेमी' असं छापलंय. पुढे दत्तूचा लेख आहे. दत्तू म्हणजे आमच्या वर्गातला पहिला नंबर. सरकारात मोठा इंजिनिअर होऊन निवृत्त झाला. लेखात त्याने आप्पांचे उपकार मानलेत, गावच्या मातीचे मानलेत, ग्रामदैवताचे मानलेत. काळेबाईंचा उल्लेख 'इतर शिक्षकवृंद' ह्या दोन शब्दांत कुठेतरी असेल तर असेल. मी अंक मिटला आणि लिहायला बसले. मुलीने बापाविरुद्ध लिहू नये असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या अलीकडे. बाजार तिसगावला, कचेरी पाथर्डीला, कॉलेज नगरला. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट सांगतेय. तेव्हा आमच्याकडे 'शिकवणे' ह्या शब्दाला दोन अर्थ होते. मास्तर शिकवतात तो एक. दुसरा असा, की गरीब घरचा हुशार मुलगा हेरायचा, त्याची फी, पुस्तकं, राहणं-खाणं सगळा भार उचलायचा आणि तो शिकून नोकरीला लागला की आपली मुलगी त्याच्या घरी नांदायला पाठवायची. लग्न आधीच उरकलेलं असायचं किंवा निदान सुपारी तरी फुटलेली असायची. ह्याला म्हणत जावई शिकवणं. 'अमक्यानं जावई शिकवला' हे 'अमक्यानं विहीर बांधली' ह्याच थाटात सांगितलं जाई. बैलालाही आमच्याकडे शिकवतात, औताला जुंपायच्या आधी. बाईंच्या कानावर हा शब्द पडला की त्या म्हणत, "शिकवलेला बैल निदान संध्याकाळी गोठ्यात परत येतो."

बाई उंच, हाडापेराने मजबूत. पातळाला इतकी खळ की चालताना कागदासारखा आवाज यायचा आणि तो व्हरांड्यात ऐकू आला की वर्ग आपोआप गप्प होई. दाताखाली कायम एक लवंग. राग आला की ती लवंग कचकन चावत, म्हणून आम्ही मुलं त्यांच्या तोंडाकडे नव्हे, जबड्याकडे बघायचो. इंग्रजी आणि भूगोल शिकवत. एरवी छापल्यासारखं शुद्ध बोलत, पण चिडल्या की थेट पारनेरच्या होत, म्हणजे माहेरच्या.

मॅट्रिकचा निकाल लागला की शाळेत त्यांचा दरबार भरायचा. आमच्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याखाली बाकडं टाकून बाई बसायच्या. मुलं बापाला घेऊन यायची. पुढे काय करू, कुठे जाऊ, पैशाचं कसं करू, सगळ्यांचे प्रश्न तेच. बाई गुण नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न एकच असायचा.

"तुला कोण शिकवतंय?"

"मामा शिकवतो म्हनलाय, बाई."

"मामाला पोरी किती?"

मुलगा लाजायचा आणि बाप खाली बघायचा. बाईंना तेवढं पुरे होई. मग त्या त्या पोराला मामाच्या तावडीतून सोडवायला लागायच्या. ज्याला घरासाठी लवकर कमवायचंय त्याने आय.टी.आय.ला जावं. ज्याला चित्रकलेत सरळ रेघ मारता येते त्याने डिप्लोमा करावा. ज्याला नुसतंच पाठ करता येतं त्याने मास्तर होऊ नये, तलाठी व्हावं. फीसाठी ई.बी.सी.ची सवलत आहे. वसतिगृहात काम करून शिकता येतं. आणि फारच हुशार असशील तर सरकार कर्ज म्हणून शिष्यवृत्ती देतं, ती घे.

"कर्ज घ्यायचं तर सरकारचं घ्यावं," त्या म्हणत. "सरकारला लग्नाची पोरगी नसते."

ई.बी.सी.साठी उत्पन्नाचा दाखला लागे आणि तो पाथर्डीच्या कचेरीत मिळे, म्हणजे मिळत नसे. एका वर्षी तिथल्या कारकुनाने पोरांना इतके हेलपाटे घालायला लावले की बाई स्वतःच सगळ्यांना एस.टी.त घालून घेऊन गेल्या. कारकून म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या. बाई म्हणाल्या, बरं. कचेरीच्या ओसरीत पोरांना रांगेत बसवलं आणि इंग्रजीचा तास सुरू केला. विषय काळ. "म्हणा रे, द क्लार्क इज सिटिंग." पोरांनी टिपेला आवाज लावला. "द क्लार्क वॉज सिटिंग. द क्लार्क विल बी सिटिंग." कचेरीतली कामाला आलेली माणसं गोळा झाली. ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं त्यांना बाई मराठीत अर्थ सांगत होत्या. गाडी पूर्ण भविष्यकाळावर यायच्या आधीच दौऱ्यावरचे साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले आणि दाखल्यांवर शिक्के पडले.

लोकांना वाटायचं बाईंना गरीब पोरांचा फार कळवळा. थोडा असेलही. पण बाईंना पोरांची दया येण्यापेक्षा सासऱ्यांचा राग जास्त यायचा. जावई शिकवायचा एकेक सौदा मोडला की त्या दिवशी बाईंचा चेहरा सण असल्यासारखा दिसे. असं का, ते मला माझ्या आईने सांगितलं. आईचं माहेर पारनेरकडचं, बाईंच्या शेजारच्याच गावचं. गावात बाईंना 'सुमन' म्हणणारी तीच एकटी.

बाईंच्या वडिलांनी जावई शिकवला होता. त्यांचं शेत साधंच, हौस मात्र मोठी. शेजारच्या वस्तीवरचा भास्कर नावाचा मुलगा हुशार निघाला. बाई चौथी झालेल्या, त्यांचं भास्करशी लग्न लावलं आणि त्याला ओव्हरसियरच्या डिप्लोम्याला पुण्याला पाठवलं. दर आठवड्याला बाई दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असं पितळी डब्यात भरून पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देत. झाकणावर नाव ठोकून घेतलं होतं. पुढच्या फेरीला रिकामा डबा परत येई, तो बाई फाट्यावर जाऊन घेत. त्या डब्यापलीकडे नवऱ्याची त्यांची ओळख अशी नव्हतीच.

"मग डिप्लोम्याचा निकाल लागला," आई म्हणाली, "आन् त्या आठवड्याला डबा आलाच न्हाई. सुमननं दुसरा डबा पाठवला. त्यो बी गेला. मग शेजारनीचा मागून आनला, त्यो तिसरा. त्यो बी न्हाई आला. कुनी सांगावं लागलं न्हाई तिला. फाट्यावरनं मोकळ्या हातानं परत आली आन् बापाला म्हनाली, मला शाळंत घाला."

निरोप नंतर आला. साहेबांना शिकलेली बायको हवी होती.

बापाकडे आता मुलीला शिकवायला काही उरलं नव्हतं. बाईंनी सातवीची, फायनलची परीक्षा दिली, मग विद्यावेतन मिळतं म्हणून मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेल्या. सरकार शिकायला पैसे देतं हा शोध त्यांना तिथे लागला. नोकरी करून मॅट्रिक झाल्या, बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या. "तो डिप्लोमा, मी डिग्री," हे वाक्य त्या माझ्या आईला वर्षातून एकदा तरी ऐकवायच्या. भास्करने काडीमोडासाठी कोर्टात अर्ज केला तेव्हा बाई न्यायाधीशांपुढे पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी नांदायला तयार आहे, ह्यांनी न्यायला यावं. तो न्यायला येणार नव्हता आणि बाई मोकळं करणार नव्हत्या. तो सरकारी नोकरीत होता, त्यामुळे दुसरं लग्न केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. बाईंनी त्याला खुंट्याला बांधून ठेवला होता आणि दोरी म्हणजे ते 'सौ.'

आता माझ्याकडे येते. मी मंदा, आप्पांची थोरली. आमची जमीन विहिरीवरची बागायती, मोसंबीची बाग, आणि आप्पा शाळा समितीचे अध्यक्ष. दत्तू आणि मी एकाच वर्गात. तो पहिला आला, मी त्याच्या खालोखाल. आप्पांनी माझा निकाल बघितलाच नाही. दत्तूचा बघितला आणि गावभर पेढे वाटले. तेव्हाच मला समजलं की आप्पा जावई शिकवणार आहेत.

दत्तू मला आवडायचा का, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. तो माझ्याकडून पेनात शाई मागून घ्यायचा आणि कधी परत द्यायचा नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं.

बाईंनी दत्तूच्या वडिलांना घंटेखाली बोलावून घेतलं. सरकारी कर्ज-शिष्यवृत्ती त्याला नक्की मिळेल, इंजिनिअर होऊन त्याने ती फेडावी, असं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, सरकारचं फेडावं लागतं. आप्पाचं फेडावं लागत न्हाई."

"लागतं," बाई म्हणाल्या. "ती पोरगी फेडते."

त्यांनी नमस्कार केला आणि निघून गेले. रांगेत सगळ्यांच्या मागे मी उभी होते. मुलगी म्हणून एकटीच. बाईंनी मला बघितलं आणि सवयीने विचारलं, "तुला कोण शिकवतंय?"

"मला कोणी नाही शिकवत, बाई," मी म्हटलं. "माझ्यावर दुसऱ्याला शिकवतायत."

लवंग कचकन चावल्याचा आवाज मी ऐकला.

त्या वर्षी आमच्या भागात दुष्काळी कामं चालू होती. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव खोदत होते आणि त्यावरचे साहेब जीपने येत. त्यांचं आडनाव काळे. आमच्या जिल्ह्यात दगड उचलला तर खाली काळे सापडेल, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. आणि साहेबांना पहिलं नाव नसतंच. जीपच्या ड्रायव्हरकडून आप्पांना कळलं की ह्या साहेबांनाही सासऱ्यानेच शिकवलंय. आप्पांना ते फार भावलं. त्यांनी सुपारीच्या दिवशी साहेबांना आग्रहाने बोलावलं. बाईंनाही बोलावलं, पण ते वेगळ्या कारणाने. सगळ्या गावाचे सौदे मोडणाऱ्या बाईच्या नाकावर टिच्चून आपला सौदा व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. अध्यक्षांचं बोलावणं, बाई नाही म्हणणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. पुण्याला इंजिनिअरिंगला जाणारा दत्तू नवा पायजमा घालून बापाशेजारी बसला होता. साहेब खुर्चीत, टेरिलीनची पॅन्ट, डोक्यावरची हॅट मांडीवर. केस विरळ, पोट थोडं सुटलेलं. मी आतल्या दारात, आईच्या मागे. बाई आल्या आणि बायकांच्या बाजूला खाली बसल्या. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. सतरंजीवर बसलेल्या बायकांकडे साहेब बघत नाहीत.

आप्पा खुशीत होते. "साहेब," ते म्हणाले, "आमच्या दत्तूला दोन शब्द सांगा. तुमाला बी सासऱ्यानंच शिकवलंय म्हनं. पोराला जरा हुरूप यील."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "जाऊ द्या हो. जुन्या गोष्टी त्या."

"साहेबांना अवघड वाटतंय," बायकांच्या बाजूने आवाज आला. "मी सांगते."

बाई उभ्या राहिल्या होत्या. पातळाचा तो कागदासारखा आवाज ओसरीभर ऐकू आला. साहेबांनी मान वळवली आणि त्यांच्या मांडीवरची हॅट खाली पडली.

"माझी सही सगळ्यांनी बघितलीय," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोरांच्या प्रगतिपुस्तकावर असते. सौ. सुमन भास्कर काळे. त्यातलं मधलं नाव म्हणजे हे, खुर्चीत बसलेले. माझ्या बापाने शिकवलेला जावई. आप्पासाहेब, नीट बघून घ्या. तुमचा पण असाच होईल."

"इथे तमाशा नको," साहेब पुटपुटले.

तेव्हा बाई पारनेरच्या झाल्या. "तमाशा कशाचा? मी काय भांडाया आले न्हाई. दशम्या खाल्ल्या, त्याचं काय न्हाई. बापाचं शेत गेलं, त्याचं बी काय म्हनत न्हाई. पर माजे डबे ऱ्हायलेत तुमच्याकडं. पितळी हुते. दोन माजे, एक शेजारनीचा. तिला मी अजून तोंड दावू शकत न्हाई. डबे कवा देताय?"

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. साहेबांनी खिशात हात घातला आणि पाकीट काढलं. "किंमत सांगा, देऊन टाकतो."

"किंमत न्हाई," बाई म्हणाल्या. "डबे."

साहेब उठले. चहा तसाच राहिला, हॅट तशीच राहिली. ती पुढे कितीतरी दिवस आमच्या गड्याच्या डोक्यावर होती. जीप सुरू झाली तेव्हा ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मीही हसत होते. मला त्या माणसाची तेव्हा कणव आली नाही आणि आजही येत नाही.

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. बाईंना घालवून सुपारी उरकावी असं त्यांच्या मनात असणार, कारण त्यांनी आत बघून तबक मागितलं. आई तबक घेऊन दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. चारचौघांत ती आप्पांशी बोललेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

"आवो," ती म्हणाली, "एक सांगता का? पुण्याला डबा कोन करनार? मीच ना?"

"मंग?"

"मंग मी दुसऱ्याच्या पोराचा न्हाई करायची. डबाच करायचा तर माज्या पोरीचा करीन." आणि तबक घेऊन ती आत निघून गेली.

सुपारी आत गेल्यावर बाहेर बसून करायचं काय? दत्तूचे वडील उठले, धोतर झटकलं आणि जाता जाता म्हणाले, "शिकवा की पोरीला. बघू काय कलेक्टर हुती ती."

हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर माझं काय झालं असतं कोण जाणे. आप्पा ताडकन उठले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "व्हय, शिकवनार! तुमच्या दत्तूपरीस एक इयत्ता जास्त शिकवनार! एक इयत्ता!"

असे माझे आप्पा शिक्षणप्रेमी झाले. पुढे दत्तू बी.ई. झाला, म्हणून आप्पांनी मला बी.एस्सी.वर थांबू दिलं नाही, एम.एस्सी. करायला लावलं. मधे मला कंटाळा आला तरी सुटका नव्हती. स्मरणिकेत हे छापायला हवं होतं.

आणि दत्तू? दुसऱ्याच दिवशी तो मान खाली घालून घंटेखाली आला. मला वाटलं बाई त्याला हाकलतील. बाईंनी त्याला पाथर्डीला नेलं, नगरला नेलं, सरकारी कर्ज-शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्यावर तो शिकला. एवढा लांबलचक लेख लिहिताना त्याला ही गोष्ट आठवली नाही. शाई परत द्यायचीही त्याला कधी आठवण राहिली नव्हती.

आप्पांनी बाईंना सोडलं नाही. ज्या संस्थेची आमची शाळा, तिच्या शाळा जिल्हाभर होत्या. अध्यक्षांनी शब्द टाकला आणि बाईंची बदली जामखेडकडे झाली. तेव्हा जामखेडला बदली म्हणजे शिक्षाच समजत. बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. आईने डोळ्यांत पाणी आणलं तर त्या म्हणाल्या, "अगं, तिकडेही सासरे असतीलच की."

मी नगरला कॉलेजात निघाले त्या दिवशी त्या फाट्यावर आल्या होत्या. माझी ट्रंक, वळकटी, आणि हातात आईने भरलेला डबा. त्या दिवशीचा माझ्याबरोबर जाणार होता आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळच्या गाडीने एक यायचा होता.

"वकील हो," बाई म्हणाल्या. "आधी बी.ए. कर, मग लॉ. असल्या लोकांना कोर्टात उभं करून सोलायचं. मी सगळं शोधून ठेवलंय, फीमाफी कुठे, वसतिगृह कुठलं."

"मला वनस्पतिशास्त्र घ्यायचंय, बाई."

"झाडपाल्यानं कुणाचं काय वाकडं होतं?" त्या भडकल्या. "तुला ह्यासाठी सोडवली का मी?"

मला भीती वाटत होती, पण मी त्यांचीच विद्यार्थिनी होते. मी म्हटलं, "बाई, मग मला कोण शिकवतंय? आप्पा शिकवतायत ते दत्तूच्या वडिलांवरच्या रागासाठी. तुम्ही शिकवताय ते साहेबांवरच्या रागासाठी. सुपारी फुटली नाही, एवढाच काय तो फरक."

आता जबडा हलणार म्हणून मी बघत राहिले. बाईंनी लवंग तोंडातून काढून रस्त्यावर टाकली. आणि मग हसल्या. शाळेच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात तुटका होता, तोही तेव्हाच दिसला.

"म्हंजे मी बी सुपारीच फोडाया बसले हुते म्हन की," त्या म्हणाल्या. "घे बाई, झाडपाला घे."

गाडी आली. बाई पोरांना फाट्यापर्यंत पोचवायला येत, पण कोणाच्या डब्याला हात लावत नसत. ज्याचा डबा त्याने किंवा त्याच्या आईने उचलावा असा त्यांचा नियम होता. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, स्वतः पायरीवर चढून माझ्या सीटवर ठेवला आणि उतरताना म्हणाल्या, "रिकामा डबा रोजच्या रोज परत पाठवायचा. एक दिवस चुकायचं न्हाई." आणि मी कधी चुकले नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा मैत्रिणीला स्टँडवर पाठवून रिकामा डबा परत धाडला.

त्यानंतर फार वर्षांनी, मी स्वतः कॉलेजात शिकवत असताना, प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला जामखेडला गेले आणि पत्ता विचारत बाईंच्या घरी पोचले. त्या निवृत्त झाल्या होत्या. खळ तीच, लवंग तीच. कपाळ आणि गळा मात्र मोकळा होता. मी तिकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गेला तो," त्या म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं आणि तसं दाखवायचा प्रयत्नही नव्हता. "आयुष्यभर खाणावळीचा डबा खाल्ला त्याने. त्याच्या ऑफिसातला शिपाई सांगत होता. शेवटी शेवटी तर खाणावळवाली डाळीत पाणी घालायची म्हणे." हे सांगताना बाईंना जो आनंद झाला होता तो मी लपवून ठेवणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "पोत काढायची घाई नाही केली मी. आधी पेन्शनचं काम केलं. लग्नाची बायको मी एकच. त्याच्या मागे त्याची पेन्शन मला मिळते, मी असेपर्यंत. त्यासाठीच तर नाव सांभाळलं." स्वतःची पेन्शन त्यांना पुरत होती. त्याच्या पेन्शनीतला एक पैसाही त्या स्वतःवर खर्च करत नव्हत्या.

तेवढ्यात आतून एक मुलगी केस विंचरत बाहेर आली. खर्ड्याकडची होती, बाईंकडे राहायची आणि नर्सिंगच्या कोर्सला जायची. आणखी दोघी होत्या, त्या आधीच निघून गेल्या होत्या. हिची गाडी अजून यायची होती. बाई स्वयंपाकघरात तिच्यासाठी डबा भरत होत्या. पितळी होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. मला गंमत वाटली आणि मी त्या मुलीला बाईंच्याच आवाजात विचारलं, "काय ग, तुला कोण शिकवतंय?"

हजेरीला उत्तर द्यावं तसं ती पटकन म्हणाली, "काळेसाहेब."

"मेल्यावर का व्हईना, लागला शिकवायला," बाई आतून म्हणाल्या आणि डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवलं.